फौजदारावर फिर्याद

दर वर्षी ९ सप्टेंबरला आमच्या शाळेची मुले प्रभातफेरी काढून नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकापाशी जातात. पावसाची भुरभुर असते, मुलांचे बूट चिखलाने माखलेले असतात, आणि पुढे झेंडा धरणारा मुलगा कोण असावा यावरून आदल्या दिवशी वर्गात एक लहानसे युद्ध होऊन गेलेले असते. स्मारकापाशी हार घातला जातो, मी पाच मिनिटे भाषण करतो, आणि मग आम्ही परत येतो. इतकी वर्षे हे भाषण करून करून ते माझ्या तोंडात इतके बसले आहे, की ते करताना माझे लक्ष मुलांच्या रांगेकडे असते.

यंदा परत येताना धडगावकडचा एक मुलगा माझ्या शेजारून चालत होता. वसतिगृहात राहणारा, फार न बोलणारा, गणितात चांगला. तो एकदम म्हणाला, “सर, गोळी मारणाऱ्याला किती शिक्षा झाली?”

“शिक्षा झाली का,” असे त्याने विचारले नाही. “किती,” असे विचारले. खून केला की शिक्षा होते हे त्याने गृहीत धरले होते. त्याला फक्त आकडा हवा होता. मी “नंतर सांगतो” म्हणालो. मास्तरांच्या शब्दकोशात “नंतर सांगतो” याचा अर्थ काय असतो हे मुलांना पहिलीपासून ठाऊक असते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याची पुस्तके मी नोकरीसाठी वाचलेली नाहीत, कादंबऱ्या लिहिताना चुका होऊ नयेत म्हणून वाचली. माझ्या दोन कादंबऱ्यांत दुष्ट फौजदार आहेत आणि दोघेही शेवटच्या प्रकरणात तुरुंगात जातात. वाचकांना ते आवडले. फौजदाराला तुरुंगात घालणे लेखकाला सोपे असते, त्याला साक्षीदार शोधावे लागत नाहीत. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मात्र मला स्वतःच्याच शेवटच्या प्रकरणांची थोडी लाज वाटू लागली, आणि गणपतीची सुट्टी मी जुने कागद उलगडण्यात घालवली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पोलिसावरील फिर्याद ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. नंदुरबारच्या गोळीबारापूर्वी दीडशे वर्षे पुण्यात ती झाली होती, आणि तिचा निकाल आजही मराठी माणसाच्या बोलण्यात आहे. “घाशीरामी कारभार” हा शब्द आपण ज्याच्या नावावरून वापरतो तो घाशीराम सावळदास १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला. शहराचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, बाजाराची देखरेख, चोराचिलटांचा तपास, हे सारे कोतवालाकडे. नाना फडणीसांची त्याच्यावर मर्जी होती. चौदा वर्षे त्याने हे काम केले. या चौदा वर्षांत त्याच्या जुलमाविषयी लोक कुरकुरत होते, पण ती कुरकुर कोतवालीच्या दाराच्या आतच राहिली. दाद मागायची ती कोणाकडे? कोतवालाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे ज्यांनी त्याला नेमले त्यांच्याच वाड्यात जायचे.

१७९१ च्या ऑगस्टअखेर श्रावणातल्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांच्या एका टोळक्याला घाशीरामाने चोर ठरवून एका कोंदट भुयारात कोंडले. तीस-पस्तीस माणसे आणि जागा लहान. वारा नाही, पाणी नाही. मानाजी फाकडे यांनी दार उघडवले तेव्हा आत एकवीस माणसे गुदमरून मेलेली होती.

मग जे झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. मेलेल्यांचे जातभाई शेकडोंनी नानांच्या वाड्यापुढे जमले आणि हटेनात. नानांनी आधी वेळ काढला. आपला माणूस आपण कसा टाकावा हा पेच कारभाऱ्यांना सगळ्याच काळात पडतो. पण दारातला आवाज वाढत गेला, आणि अखेर कोतवाल जमावाच्या हवाली करण्यात आला. त्याची धिंड काढली गेली आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी गावाबाहेर त्याला दगडांनी ठेचून मारले. पुण्यात त्या वेळी इंग्रजांचा वकील मॅलेट होता. त्याने हा प्रकार लिहून ठेवला, आणि तिथून तो इंग्रजी पुस्तकांत गेला. पुढे १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी घाशीरामावर पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक आले, त्यावर केवढे वादळ उठले ते अनेक वाचकांना आठवत असेल.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला समाधान वाटत असे. जशास तसे. आता वयाच्या चाळिशीत ती पुन्हा वाचताना दोन गोष्टी डाचतात. पहिली ही, की घाशीरामाची चौकशी झालीच नाही. रामशास्त्री प्रभुण्यांच्या न्यायासनाचा आपण एवढा अभिमान बाळगतो, त्या पुण्यात शास्त्रीबुवांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांतच एका अधिकाऱ्याचा निकाल दगडांनी लागला. त्या भुयाराची किल्ली कोणाच्या हाती होती, हुकूम कोणी दिला, वरच्यांना काय ठाऊक होते, हे प्रश्न त्या दगडांखाली घाशीरामाबरोबरच पुरले गेले. त्यामुळे कोणाची सोय झाली ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. चौदा वर्षांत घाशीरामाच्या चौकीत गरीबगुरीब, बाया, फेरीवाले, परगावचे मजूर असे किती जण गेले असतील. त्यांच्यासाठी नानांच्या दारात कोणी उभे राहिले नाही. मेलेली माणसे ब्राह्मण होती, त्यांच्यामागे शेकडो माणसे होती, म्हणून दार उघडले. कोतवालाला शिक्षा झाली ती त्याचा गुन्हा किती मोठा होता यावरून नव्हे. मेलेल्याच्या पाठीशी कोण उभे होते यावरून. हे सूत्र मी त्या सुट्टीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आणि पुढचे कागद त्याच्याशी ताडून पाहू लागलो. ते खोटे ठरावे अशी माझी इच्छा होती.

इंग्रजांनी पोलिसांचा नवा सरंजाम उभारला, आणि मौज अशी की त्यांच्याच कायद्याने त्या पोलिसावर विश्वास टाकला नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात लिहून टाकले की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. असे का लिहावे लागले? कारण तो जबाब कसा मिळतो हे लिहिणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. १९०२ साली लॉर्ड कर्झनने पोलिस कमिशन नेमले. त्यानेही लोकांच्या मनात पोलिस म्हणजे लाचखाऊ आणि जुलमी, असाच निष्कर्ष काढला. म्हणजे रोग माहीत होता. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या खणात एक ढाल ठेवलेली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३२ सांगत होते, की जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येणार नाही. ज्या सरकारने गोळी झाडायला पाठवले त्याच सरकारकडे, गोळी झाडल्याबद्दल खटला भरू द्या, असा अर्ज करायचा. नानांच्या वाड्याचे दार ते हेच; फक्त आता त्यावर क्रमांक पडला होता.

आणि आता आमच्या गावाकडे येतो.

१९४२ मध्ये नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. गाव व्यापाऱ्यांचे, मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिल्ली या चारही बोली बाजारात एकाच वेळी ऐकू येत, आजही येतात. ९ ऑगस्टला पुढाऱ्यांची धरपकड झाली. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, शाळेतल्या मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पुढे होता शिरीषकुमार मेहता, गुजराती व्यापारी घराण्यातला, वय पंधरा. पोलिसांनी मिरवणूक अडवली, लाठी चालवली आणि नंतर गोळ्या झाडल्या. मिरवणुकीतल्या मुलींवर नेम धरलेला पाहून, मारायचे तर मला मारा, म्हणून शिरीष पुढे झाला, असे गावात सांगतात. तो झेंड्यासह पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. पाच मुले. मी ज्यांना रोज हजेरीला “उपस्थित” म्हणायला लावतो त्या वयाची.

ही नावे आमच्या गावात लहान पोरालाही पाठ आहेत. रस्त्याला, शाळेला, मंडळाला ती दिली गेली. बंदुका धरणाऱ्यांसाठी कलम १३२ होते. बेचाळीसच्या गोळीबारांची चौकशी करण्याची मागणी देशभर झाली, आणि पोलिसांचे धैर्य खचेल या सबबीवर सरकार ती नाकारत राहिले. १९४६ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे परत आली तेव्हा ही मागणी पुन्हा निघाली. व्हाइसरॉय वेव्हेलचा तिला विरोध होता. मग स्वातंत्र्य आले, आणि ज्या पोलिसांच्या हाती राज्य चालवायचे होते त्यांच्याशी जुने हिशेब काढायला नव्या राज्यकर्त्यांना सवड नव्हती आणि मनही नव्हते. पोलिसांच्या डोक्यावरचे बोधचिन्ह बदलले. डोकी तीच राहिली. यात नव्या राज्यकर्त्यांना दोष द्यावा की नाही याबद्दल माझे मन अजून ठरलेले नाही. फाळणीच्या आगीत पोलिस दल मोडून चालले नसते हेही खरे आहे. पण पाच घरांतल्या आयांना हा युक्तिवाद कोणी कधी समजावून सांगितला असेल असे मला वाटत नाही.

नंदुरबारच्या मुलांसाठी दारात कोणी बसले नाही, पण त्याच वर्षी चिमूरसाठी एक माणूस बसला होता. चांदा जिल्ह्यातल्या चिमूर गावी १६ ऑगस्ट १९४२ ला जमावाने सरकारी अधिकारी आणि पोलिस ठार मारले. हेही लिहिले पाहिजे. तेही कोणाची तरी मुले होती आणि त्यांनाही घाशीरामासारखाच, चौकशीवाचून, जमावाने निकाल दिला होता. त्यानंतर गावात फौज आणि पोलिस घुसले, आणि चिमूरच्या बायांवर अत्याचार झाल्याची हकिकत बाहेर आली. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनी एवढेच मागितले, की या आरोपाची निष्पक्ष चौकशी करा. ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले लोकनायक अणे यांच्या दाराशी जाऊन बसले, तिथून त्यांना परत पाठवण्यात आले, आणि ११ नोव्हेंबर १९४२ पासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत, त्रेसष्ट दिवस, ते उपाशी राहिले. अखेर मध्यस्थी होऊन उपवास सुटला. ज्या निष्पक्ष चौकशीसाठी तो सुरू झाला होता ती मात्र मिळाली नाही.

उलट बाजू पाहा. चिमूर-आष्टीच्या जमावावर खटले वेगाने चालले, अनेकांना फाशी फर्मावली गेली, आणि त्यांपैकी शेवटच्या सात जणांची फाशी रद्द व्हायला १९४५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. जमावाचा गुन्हा तपासायला सरकारला साक्षीदार मिळाले, न्यायाधीश मिळाले, दोर मिळाला. वर्दीतल्यांचा गुन्हा तपासायला एक चौकशी अधिकारी मिळाला नाही.

इंग्रज होते म्हणून असे झाले, असे मी मुलांना सांगू शकलो असतो. त्या गणितातल्या मुलाला ते पटलेही असते. पण पुढचे कागद उलगडल्यावर ती सोय उरली नाही.

१९५१ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मुंबई पोलिस कायदा केला. त्याचे १६१ वे कलम असे, की कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर सहा महिन्यांच्या आत. सरकारची मंजुरी असेल तर दोन वर्षांपर्यंत. सहा महिने! अक्राणीतल्या माणसाला मार खाल्ल्यावर अंथरुणातून उठून, डोंगर उतरून, वकील शोधून, त्याला आपली बोली समजावून सांगेपर्यंत सहा महिने कुठे गेले ते कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले, की संशयितांना डांबून कबुलीसाठी मारहाण करणे हे काही पोलिसाचे कर्तव्य नव्हे, तेव्हा अशा कृत्याला या कलमाची ढाल मिळणार नाही. निकाल स्वच्छ होता. तो डोंगरापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला.

मग देसाईगंज. २६ मार्च १९७२. तेव्हाचा चांदा जिल्हा, आताचा गडचिरोली. मथुरा या नावाने जी कायद्याच्या पुस्तकांत गेली ती आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा, मोलमजुरी करणारी, आईबापांवेगळी. तिच्याविषयीचीच एक तक्रार भावाने दिली होती, म्हणून घरची माणसे तिला घेऊन पोलिस ठाण्यात आली होती. रात्री बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले गेले आणि तिला आत थांबवून घेतले. दाराला कडी लागली. दिवाळी अंकात याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. बाहेर माणसे जमली, ठाणे पेटवून देऊ म्हणाली, तेव्हा कुठे तिचा जबाब लिहून घेतला गेला. माझ्या चिठ्ठीवरचे सूत्र इथेही खोटे ठरेना. जमाव नसता तर कागदच झाला नसता.

सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये हेड कॉन्स्टेबल आणि शिपाई दोघांना सोडले. नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दोघांना दोषी धरून शिपायाला पाच वर्षे आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष दिले. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने ओरडा केला नाही, तेव्हा तिची संमती होती असे मानले गेले. अंधाऱ्या ठाण्यात, कडी लावलेल्या दारामागे, वर्दीतल्या माणसासमोर पंधरा वर्षांच्या मोलकरणीने ओरडायला हवे होते, असे दिल्लीत बसलेल्या विद्वान न्यायमूर्तींना वाटले. मी न्यायालयाचा अवमान करू इच्छित नाही. पण त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात कधी ठाण्याच्या बाकावर वाट पाहिली नसावी, एवढे म्हणायची मुभा मास्तराला असावी.

एक वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यांतले शेवटचे नाव आमच्या भागाला परके नाही. अक्राणीच्या आदिवासींचा आणि कायद्याचा संबंध कसा आहे याचा धागमवारबाईंनी अभ्यास केला होता. त्या पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या पोलिसाला किमान दहा वर्षे, आणि संमती नव्हती असे तिने सांगितले तर न्यायालयाने तसेच धरून चालायचे. हजारो स्त्रियांना या बदलाचा उपयोग झाला. मथुरेला झाला नाही. सुटलेले दोघे सुटलेलेच राहिले.

आता आमच्या डोंगराकडे. १९ नोव्हेंबर १९९३. सरदार सरोवरात बुडणाऱ्या गावांची मोजणी करायला पोलिस बंदोबस्तात पथके अक्राणी तालुक्यात शिरली होती. गावकऱ्यांचा मोजणीला विरोध होता. चिंचखेडीत पोलिसांची गोळी लागून रेहमल पुन्या वसावे हा मुलगा गेला. वय पंधरा-सोळा. शिरीषकुमारचे वय तेच. दोघांच्या मध्ये एक्कावन्न वर्षे, एक स्वातंत्र्य आणि एक राज्यघटना. १ जुलै १९९८ ला नंदुरबारचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा दोघेही एकाच जिल्ह्याचे ठरले. रेहमलचे स्मरण नर्मदेकाठची माणसे करतात. आमच्या प्रभातफेरीत मी त्याचे नाव इतक्या वर्षांत एकदाही घेतले नव्हते, हे इथे कबूल करून टाकतो. प्रश्न विचारणारा मुलगा त्याच डोंगरातला होता. तो कोणत्या गोळीविषयी विचारत होता याची मला त्या रात्री प्रथम शंका आली.

मग पोलिसांना शिक्षा होतच नाही का? होते. ११ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत वर्सोव्याला रामनारायण गुप्ता नावाचा माणूस चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याला वाशीहून उचलले होते आणि चकमक खोटी होती. त्याच्यावर गुन्हे होते, त्यामुळे लोकांनी हळहळण्याचे कारण नव्हते. पण त्याचा भाऊ वकील होता. तो उच्च न्यायालयात गेला, चौकशी मागितली, विशेष पथक नेमवून घेतले. एक महत्त्वाचा साक्षीदार साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि पुढे त्याचे प्रेत सापडले. तरी भाऊ हटला नाही. २०१३ मध्ये एकवीस जणांना जन्मठेप झाली, त्यांत तेरा पोलिस होते. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने त्यांतल्या अकरा जणांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली, तोही हुकूम पुढे उच्च न्यायालयाने रद्द केला. आणि १९ मार्च २०२४ ला, जे प्रदीप शर्मा २०१३ मध्ये सुटले होते त्या नामांकित अधिकाऱ्यालाही उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. सतरा वर्षांहून अधिक काळ. हे घडू शकते याचा मला आनंद आहे. पण असा भाऊ हवा, तो वकील हवा, आणि त्याने आयुष्याची सतरा वर्षे यात घालायला हवीत. अक्राणीत किती घरांत असा भाऊ असेल?

माझा एक जुना विद्यार्थी पोलिसांत शिपाई आहे. त्याला मी हे सारे वाचून दाखवले. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “सर, तुम्ही आमच्या शिक्षा मोजल्याच नाहीत. रजा नामंजूर, पगारवाढ बंद, निलंबन, बदली. साहेबाच्या हुकमाने काठी मारली की चौकशी आमची, साहेबाची नाही.” त्याचे म्हणणे खोटे नाही. बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या माणसाला चूक केल्यावरच माणूस म्हणून ओळखायचे हा आपलाही दोष आहे. घाशीराम मेला, त्याला हाताशी धरणारे वाड्यात राहिले; देसाईगंजच्या खटल्यातही एक हेड कॉन्स्टेबल आणि एक शिपाई. वर्सोव्याच्या खटल्यात अधिकारी पिंजऱ्यात उभे राहिले ही गोष्ट म्हणूनच वेगळी वाटते.

पण “बदली” हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा मी त्याला थांबवले. सरकारी नोकरांत शिक्षेची बदली म्हणून जी ठिकाणे सांगतात त्यांत आमचे धडगाव आणि अक्कलकुवा आहेत. तलाठी असो, डॉक्टर असो, मास्तर असो वा फौजदार, खाली कुठे तरी गोंधळ केला की त्याला वर डोंगरात पाठवतात. शहरात ज्याच्या हातून कोणाला मार बसला, त्याला तिथून काढून सातपुड्यात आणले, तर शहराच्या दृष्टीने त्याला शिक्षा झाली. सातपुड्यातल्या माणसाने काय गुन्हा केला होता म्हणून तो माणूस त्याच्या वाट्याला आला? माझा विद्यार्थी हसला, आणि मग हसणे थांबवून म्हणाला, “सर, हे असं कधी बघितलंच नव्हतं.” मीही बघितले नव्हते. माझी पहिली नेमणूक डोंगरातली होती, आणि ती रद्द व्हावी म्हणून मी वर्षभर खटपट केली होती.

सुट्टी संपली. मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले आणि जेवढे त्याच्या वयाला झेपेल तेवढे सांगितले. शिरीषकुमारचे सांगितले, मग रेहमलचे. रेहमलचे नाव काढताच त्याने मान वर केली. त्याला ते ठाऊक होते. मी कलम १३२ सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तेच कलम १५१ क्रमांकाने बसले आहे हेही सांगितले. मंजुरी कोणी द्यायची ते सांगितले.

त्याने वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक, वजाबाकी मांडावी तसे. थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले.

“सर, हे परीक्षेला येतं का?”

मी म्हटले, “नाही.”

त्याने वही मिटली नाही. घंटा झाली तेव्हा तो ती उघडीच घेऊन वर्गात गेला.